'इन्फिरिअर' म्हणजे कोणापेक्षा?

इंग्रजी शब्दांची कुळकथा हा आपल्याकडे करमणुकीचा विषय मानला जातो. शब्द कुठून निघाला, कुठे फिरला, कसा पालटला, हे ऐकताना गंमत वाटते. परंतु काही इंग्रजी शब्द आमच्यावर नाव म्हणून लादले गेले. त्यांची कुळकथा आमच्याच इतिहासाचा भाग आहे आणि ती आम्हीच तपासली पाहिजे.

मी भोरला इंग्रजी शिकवतो. वर्गात हिरडस मावळातली, वेल्ह्याकडच्या कानंद खोऱ्यातली आणि गुंजण मावळातली मुले असतात. त्यांतली कित्येक माझ्यासारखीच घरातली पहिली शिकलेली. त्यांना मी आरंभीच सांगतो, की शब्द आभाळातून पडत नाही. तो कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी घडवलेला असतो.

'कास्ट' हा शब्दच घ्या. तो मूळचा इंग्रजी नव्हे, पोर्तुगिजांच्या 'कास्टा' या शब्दावरून आलेला. कास्टा म्हणजे वंश, कूळ, जनावराची पैदास. लॅटिनमधल्या 'शुद्ध' या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला. इथली समाजरचना पाहून त्यांनी आपल्या घरचा शब्द तिला लावला आणि पुढे तो इंग्रजांनी उचलला.

'आउटकास्ट' हा मात्र वेगळ्याच घरचा शब्द. इंग्रजांचा हिंदुस्थानशी संबंध येण्यापूर्वी दोन-तीनशे वर्षे तो त्यांच्या भाषेत होता. त्यातला 'कास्ट' म्हणजे फेकणे. आउटकास्ट म्हणजे बाहेर फेकलेला. जातीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात दोन्ही शब्दांच्या उच्चाराचा मेळ बसला, शेवटी एक अक्षर चिकटले आणि 'जातीबाहेरचा' असा नवा शब्द तयार झाला. शास्त्र सांगणारे आमचे स्थान अनादी म्हणतात. इंग्रजीतले आमचे नाव तर स्पेलिंगच्या अपघातातून जन्मले!

'परिया' हा शब्द तमिळनाडूतल्या परैयर समाजाच्या नावावरून गेला. 'परै' म्हणजे ढोल, त्यावरून हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. आपल्याकडे हलगी वाजवणाऱ्याची जी गत, तीच तिथे ढोल वाजवणाऱ्याची. १७९१ साली बेर्नार्दँ द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाने एका परियाला नायक करून कथा लिहिली आणि शब्द युरोपभर गेला. आज वाळीत टाकलेल्या राष्ट्रालाही 'परिया' म्हणतात, गावातल्या बेवारस कुत्र्यालाही. एका जिवंत समाजाचे नाव जगाने शिवीसारखे वापरले आणि वापरणाऱ्याला त्याची जाणीवही नाही.

यानंतर सरकारी शब्द आले. 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली दाबलेला. 'शेड्यूल' म्हणजे मुळात कागदाची चिठ्ठी, पुढे यादी. १९३५ च्या कायद्याने आम्ही यादीतले झालो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहा. फेकलेला, दाबलेला, यादीत घातलेला: ही सारी कर्मणी रूपे आहेत. क्रिया आमच्यावर झाली एवढे ती सांगतात. कर्ता गायब!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नजरेतून हे सुटले नव्हते. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात 'डिप्रेस्ड क्लासेस' या नावाला हरकत घेतली आणि पर्याय सुचवले. त्यांत 'प्रोटेस्टंट हिंदू' हा एक होता. प्रोटेस्टंट म्हणजे उघडपणे निषेध नोंदवणारा. युरोपात १५२९ साली धर्मसत्तेशी झगडणाऱ्यांना हे नाव मिळाले. या नावात माणूस दाबला जात नाही, तो स्वतः उभा राहून काही करतो. सरकारने ते स्वीकारले नाही, यात नवल ते काय?

आता आमच्या खोऱ्यांकडे येतो. भोर हे पंत सचिवांचे संस्थान. राजगड आणि प्रचंडगड, म्हणजे तोरणा, ही त्याच्या तालुक्यांची नावे होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले. गडांची नावे तालुक्यांना मिळाली. मात्र दवंडी देणाऱ्या, सरकारी बोजा वाहणाऱ्या, मेलेली गुरे ओढणाऱ्या माणसाच्या वाट्याला महारकी आली आणि तिच्या बदल्यात वतनाचा तुकडा. इंग्रजी मुलखात ही बांधिलकी १८७४ च्या वतन कायद्याने पक्की केली होती. तो बदलावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. वतन संपले ते १९५८ च्या कायद्याने. जमिनी पुन्हा मिळाल्या, त्या पैसे भरून; वर 'नवीन शर्त', म्हणजे विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.

त्या कायद्याच्या इंग्रजी नावातच 'इन्फिरिअर व्हिलेज वतन्स' असे शब्द आहेत. वतन हा अरबी शब्द, मूळ अर्थ मायदेश. त्याच्या शेजारी लॅटिनमधून आलेला 'इन्फिरिअर'. गुलामी संपवणाऱ्या कायद्यानेही आमच्या मायदेशाला हलका म्हणूनच निरोप दिला!

तथापि व्याकरण इथे आमच्या बाजूने साक्ष देते. 'इन्फिरिअर' हे तुलनेचे रूप आहे: 'अधिक खालचा'. तुलना म्हटली की दुसरा कोणीतरी असावाच लागतो. अमुक खालचा, तर कोणापेक्षा? हे कोणी ठरवले? मराठी कागदांत या शब्दाचे 'कनिष्ठ' झाले. ज्येष्ठ, श्रेष्ठ यांप्रमाणे कनिष्ठ हे संस्कृतात टोकाचे रूप: 'सर्वांत लहान'. म्हणजे भाषांतर करताना आम्हाला आणखी एक पायरी खाली ढकलले आणि तुलनेचा प्रश्नही पुसून टाकला.

कोणी म्हणेल, 'दलित' हेही कर्मणी रूपच आहे. खरे आहे. भरडला गेलेला तो दलित. पण हा शब्द आम्ही हिशेब मागण्यासाठी हाती घेतला. तो स्वतःहून उच्चारणारा माणूस लगेच विचारतो, जाते कोणी फिरवले? १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी त्यालाच 'पँथर' जोडले. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून घेतलेला हा इंग्रजी शब्द कोणी आमच्यावर लादला नव्हता.

वर्ग ६-ब असा शेरा असलेला कागद ज्यांच्या घरच्या ट्रंकेत आहे, त्या मुलांनी तो लपवू नये. मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक शब्दापाशी थांबून त्याचा कर्ता विचारावा.