जुनी नाणी : हाताळणी आणि कॅप्सूलमधील जतन

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील अनेक जुन्या मराठी घराण्यांत आजही देवघरातील चांदीच्या करंड्यात किंवा तिजोरीच्या कप्प्यात काही नाणी सापडतात. त्यांत तांब्याची शिवराई असते, गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या टांकसाळींतील रुपये असतात, राणीछाप व राजाछाप रुपयेही असतात. या नाण्यांचे सर्वाधिक नुकसान चोरीने नव्हे, तर प्रेमाने केलेल्या स्वच्छतेने होते, असे आम्हांस नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

स्वच्छतेचा मोह टाळावा
चिंच, लिंबू, राख अथवा भांडी उजळण्याची पूड यांनी नाणे चकाकते खरे. परंतु त्यासोबत धातूचा सूक्ष्म थर निघून जातो आणि अक्षरे बोथट होतात. एकदा झिजलेले अक्षर पुन्हा उमटत नाही. नाण्यावर कालांतराने चढलेला काळसर किंवा तपकिरी थर हे त्याचे संरक्षक कवच होय. लक्ष्मीपूजनात पंचामृत व हळद-कुंकू वाहण्यासाठी एखादे नवे चांदीचे नाणे निराळे ठेवावे. दुर्मीळ नाणी पूजेत केवळ डबीसह मांडावीत.

हाताळणी
नाणे नेहमी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कडेने धरावे. पृष्ठभागास बोट लावू नये. घामातील क्षार व तेल यांचे ठसे काही काळाने डाग होऊन उमटतात. मेजावर मऊ कापड अंथरून त्यावरच काम करावे. नाण्यावर वाकून बोलू नये, कारण थुंकीचे तुषारही डाग पाडतात.

कॅप्सूलची निवड
कॅप्सूल म्हणजे दोन झाकणे एकमेकांत बसणारी कठीण पारदर्शक डबी. ती ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टायरीनची असावी. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे मात्र कटाक्षाने टाळावीत. त्यांतून काळानुसार आम्ल व तेलकट द्रव्य बाहेर पडून नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. आम्हीही पूर्वी अशी पाकिटे सोयीची म्हणून वापरली आणि काही तांब्याची नाणी कायमची डागाळून घेतली.

कॅप्सूल नाण्याच्या व्यासानुसार घ्यावी. ब्रिटिशकालीन रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा व सुमारे साडेतीस मिलिमीटर व्यासाचा असतो. तरीही प्रत्यक्ष मोजूनच खरेदी करावी. सैल डबीत नाणे हलून घासते, तर घट्ट डबीत कड दाबली जाते. हाताने पाडलेली शिवराई किंवा संस्थानी रुपये पूर्ण गोल नसतात व जाडही असतात. त्यांच्यासाठी आम्लरहित फोमचे कडे असलेली खोल कॅप्सूल योग्य ठरते.

साठवण
कॅप्सूल पूर्णतः हवाबंद नसते. म्हणून पावसाळी दमट दिवशी नाणी डबीत भरू नयेत. कोरड्या दिवशी भरावीत. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या वेळोवेळी बदलाव्यात. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद नाण्यांजवळ ठेवू नये. रबर व लोकर यांतील गंधक चांदी काळी करते. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवा, भुकटीसारखा थर दिसल्यास ते नाणे त्वरित वेगळे करून तज्ज्ञास दाखवावे.

नोंद व कायदा
प्रत्येक नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, व्यास आणि ते घरात कोणाकडून आले याची नोंद वहीत करावी. आजोबांच्या तोंडची माहिती लिहून न ठेवल्यास ती एका पिढीतच लोपते. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. तसेच शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत.

नाशिकजवळील अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. जिज्ञासूंनी तिला अवश्य भेट द्यावी. पूर्वजांनी जपलेला हा ठेवा पुढील पिढीच्या हाती अक्षरांसह सुखरूप पोहोचावा, एवढीच आमची वाचकांस विनंती.