दोन आणे आठ पै

आमच्या भावकीत विहिरीतला हिस्सा विचारला तर 'एक षष्ठांश' असं कोणी सांगत नाही. 'दोन आणे आठ पै' असं सांगतात. बाजारातनं आणे-पै जाऊन साठाच्या वर वर्षं झाली, विहिरीतनं ते अजून निघालेले नाहीत.

रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. पण सोळा आणे म्हणजे नुसता रुपया नव्हे. सोळा आणे म्हणजे अख्खं. अख्खी जमीन, अख्खी विहीर, अख्खं पीक. तिघा भावांची वाटणी झाली की प्रत्येकी पाच आणे चार पै. त्यातल्या एकाला दोन पोरं असली तर दोन आणे आठ पै, चार असली तर एक आणा चार पै. कुठं काही उरत नाही. १९२ ला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा या सगळ्यांनी भाग जातो. हा आकडा ज्यानं बसवला त्यानं भावकी जवळनं बघितली असणार.

माझा नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. अपूर्णांकांत लहान-मोठा कोणता ते ओळखायचं, हा धडा चालू आहे. एक षष्ठांश मोठा की एक अष्टमांश? बरीच पोरं अष्टमांश म्हणतात, आठ सहापेक्षा मोठे म्हणून. बाई सांगतात, छेद मोठा तितका तुकडा लहान. ते पटतं. मग ३/१६ आणि १/६ आले की वर्ग पुन्हा गप्प. बाई म्हणतात, छेद सारखे करा. दोन्हींचा छेद ४८ केला की नऊ आणि आठ, म्हणजे ३/१६ मोठा. रीत बरोबर आहे. पण जुन्या माणसाला छेद सारखे करावे लागत नव्हते, कारण ते आधीच केलेले असायचे. सगळ्यांचा छेद १९२. तीन सोळांश म्हणजे तीन आणे, छत्तीस पै. एक षष्ठांश म्हणजे दोन आणे आठ पै, बत्तीस पै. शेळ्या राखणारं पोरगंसुद्धा सांगेल मोठं कोणतं.

ह्याच दोन आकड्यांवरनं आमच्या विहिरीवर एकदा भांडण पेटलं होतं. मी तेव्हा पाचवीत असेन. वाटणीपत्रात वकिलानं अपूर्णांक लिहिलेले. एका चुलत्याचा ३/१६, दुसऱ्याचा १/६. दुसरा म्हणायचा, "सोळात तीन काय आणि सहात एक काय, सारखंच की! पाळी सारखी द्या." वैशाखाचे दिवस, मिरचीनं माना टाकलेल्या. खोरी उचलायची वेळ आली. आबा दुसरी शिकलेले. त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"त्याचं तीन आणे, तुझं दोन आणे आठ पै. चार पैचा फरक. पाळी आठ दिसांची, म्हंजे १९२ तास. पैला एक तास. त्याला चार तास जास्त. चला, इंजिन सुरू करा."

आठ दिवसांचे तास आणि रुपयाच्या पै बरोबर जुळतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या पाळीचे आठ दिवस कोणी मुद्दाम धरले होते की ते आपोआप जमलं, हे विचारायला आता कोणी राहिलं नाही.

आबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ केलेली. लिहायची पद्धतही बघा. सव्वा १।, दीड १॥, पावणेदोन १॥।. उभ्या रेघा मोजल्या की कोण मोठं ते दिसतं. आणि घरात मापं होतीच. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, प्रत्येक आधीच्या दुप्पट. शेराचा सोळावा भाग निळवं, आठवा कोळवं. पोरगं चुलीपाशी बसून आईला जोंधळं मापताना बघायचं. त्याला कोळवं निळव्यापेक्षा मोठं, हे सांगावं लागत नव्हतं. आठवा भाग सोळाव्यापेक्षा मोठा, हेच ते.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आमचा भाग तेव्हा दक्षिण सातारा. सांगली हे जिल्ह्याचं नाव १९६० साली पडलं, आणि आबा मरेपर्यंत साताराच म्हणत राहिले. चार आण्याला पंचवीस पैसे झाले ते ठीक, पण एका आण्याला सव्वासहा. तिघांत रुपया वाटला तर तेहतीस-तेहतीस आणि एक पैसा उरला. पिकाची आणेवारी कागदावर पैसेवारी झाली. ती पन्नास पैशांच्या आत येते का बाहेर राहते, यावर दुष्काळाच्या सवलती ठरायच्या. लोक मात्र आजही आणेवारीच विचारतात.

शंभराला नावं ठेवायचा माझा विचार नाही. भाऊ पाच असले की शंभरच बरा. प्रत्येकी वीस पैसे, हिशेब मिटला. सोळा आणे पाचांत वाटा, तीन आणे दोन पै येतात आणि दोन पै उरतात. आमच्या वरच्या मळ्यात पाच भाऊ आहेत. तिथं पाळी संपताना हे उरलेले दोन तास कोणाच्याच पिकाला देत नाहीत, जनावरांचा हौद भरून घेतात.