नायिका पुनर्विवाह कां टाळते?

राम गणेश गडकरी यांच्या ‘प्रेमसंन्यास’ नाटकांतील लीला विधवा आहे आणि जयंत विवाहित. त्यांचें प्रेम चोरटेंच राहतें आणि नाटक शोकांत होतें. तें १९१२-१३ च्या सुमारास रंगभूमीवर आलें. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता. शिवाय त्या काळीं हिंदु पुरुषास दुसरी स्त्री करण्याची मनाई नव्हती. कायद्याचीं दोन्हीं दारें उघडीं असतां लीला पुनर्विवाहापासून दूर कां राहते? पातिव्रत्याचा आदर्श, हें नेहमींचें उत्तर. इतिहास पाहतां तें अपुरें वाटतें.

वर्धा जिल्ह्यांतील गिरड हें गांव शेख फरीद यांच्या टेकडीवरील दर्ग्यामुळें प्रसिद्ध आहे. त्या जिल्ह्यांतील कुणबी, तेली इत्यादि जातींत विधवेचा पाट लावण्याची चाल जुनीच. पाट रात्रीं, थोडक्या विधीनें लागे. त्याला पहिल्या लग्नाची प्रतिष्ठा नसे, पण तो जातीला मान्य असे. अशा घरांत लीलेच्या वैधव्याची अडचणच उरती ना. तेव्हां ही अडचण स्त्रीस्वभावाची नव्हे, कीं सर्व हिंदु समाजाचीही नव्हे. नाटकें लिहिणाऱ्या व पाहणाऱ्या वरिष्ठ वर्गाची ती आहे.

त्या वर्गांतील विधवेस कायद्यानें काय दिलें? विवाहाची मोकळीक दिली; पण दुसऱ्याच कलमान्वये पुनर्विवाह करणारीचा पूर्वपतीच्या मिळकतींतील वारसा व पोटगी, जणूं ती मरण पावली असें समजून, संपुष्टांत आणली. पुढील कलमानें मुलांचें पालकत्वही नवऱ्याच्या आप्तांच्या अर्जावरून काढून घेतां येई. पाटाची चाल असलेल्या जातींनाही हा मिळकतीचा नियम लागू पडतो काय, याविषयीं मुंबई व अलाहाबाद येथील हायकोर्टांत मतभेद होता. मुंबईनें तो लागू धरला.

जातीचा बहिष्कार तर याहून जवळचा. धोंडो केशव कर्वे यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूड या त्यांच्या गांवानें त्यांस वाळींत टाकलें. त्याच वर्षीं ३१ डिसेंबरास वर्धा येथें त्यांनीं विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. ज्या जिल्ह्यांतील खेड्यांत पाट नित्याची गोष्ट होती, त्याच्या मुख्य ठाण्यीं सुशिक्षितांस त्यासाठीं मंडळी काढावी लागली! १८९६ त कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. विवाहाच्या परवानगीपेक्षां स्वतःच्या पायांवर उभें राहण्याचें बळ विधवेस अधिक हवें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

तें बळ लीलेजवळ नाहीं. शिवाय तिच्या सुखाची किंमत दुसऱ्या एका पत्नीस मोजावी लागणार होती. गडकऱ्यांनीं तिच्या माघारीस ‘संन्यास’ म्हटलें. पण ज्याला सोडण्याजोगें कांहीं मिळालेलेंच नाहीं, त्याचा त्याग कसला? लीलेची व्यथा खरी आहे. ती साऱ्या महाराष्ट्रांतील स्त्रियांची म्हणून वाचणें मात्र गिरडकडच्या कुणबिणीवर अन्याय करणें होय.