जतच्या डफळे घराण्यातील स्त्री-कारभार

जतच्या डफळे घराण्यातील स्त्रियांना राज्यकारभाराची संधी वैधव्यानंतरच लाभली. ज्या अवस्थेत विधवेने व्रतवैकल्यांत व तीर्थयात्रांत उरलेले आयुष्य कंठावे अशी रूढी होती, त्याच अवस्थेत त्यांच्या हाती जहागिरीची सूत्रे आली. येसूबाईंचा अंमल तर 1754 पर्यंत चालला. अशा कारभारास केवळ तात्पुरती सोय म्हणणे वस्तुस्थितीस सोडून होईल.

रेणुकाबाईंचे उदाहरण विशेष बोलके आहे. 1810 च्या सुमारास त्या कारभार पाहू लागल्या. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांची गादी पुन्हा स्थापिली आणि महाराजांच्या जहागीरदारांशी स्वतंत्र करार केले. जतचा करार 1820 मध्ये झाला, तो रेणुकाबाईंशी. विजापूरलगतच्या या अवर्षणग्रस्त मुलखातील डफळ्यांची जहागीर त्या कराराने कायम राहिली. म्हणजे घराण्याच्या अत्यंत नाजूक प्रसंगी वाटाघाटीस उभी राहिली ती एक विधवा. 1822 मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्यामागून आलेल्या साळूबाईंना वर्षभराचाच अवधी मिळाला. पुढे भागीरथीबाईंच्या हातून 1841 मध्ये सत्ता अमृतरावांकडे गेली. शेजारच्या डफळापुरात मात्र राणीबाईसाहेबांचा अधिकार 1917 पर्यंत टिकला. त्यांच्या निधनानंतर ते संस्थान जतमध्ये सामील झाले.