हृदयविकार टाळण्यासाठी रोज ॲस्पिरिन घ्यावी का? कोणाला फायदा, कोणाला धोका?

'चाळिशी ओलांडली की रोज एक ॲस्पिरिन घ्या, हार्ट ॲटॅक येणार नाही,' असा सल्ला व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतो. गोळी स्वस्त आहे आणि जुनीही. पण ती प्रत्येकासाठी नाही.

ॲस्पिरिन नेमकं काय करते?

रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटला की तिथे प्लेटलेट्स म्हणजे रक्तबिंबिका एकमेकींना चिकटतात आणि गुठळी होते. गुठळीने हृदयाचा रक्तपुरवठा अडला की झटका येतो. ॲस्पिरिन हे चिकटणं रोखते. पण जखम झाल्यावर रक्त थांबवायचं कामही याच पेशी करतात. शिवाय, पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षणही या गोळीने कमी होतं. म्हणून पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते.

मग डॉक्टर ती देतात कशी?

झटका येऊन गेलेल्या, स्टेंट बसवलेल्या किंवा बायपास झालेल्या रुग्णांसाठी तिचा फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो. प्रश्न आहे तो ज्यांना हृदयविकार झालेलाच नाही, त्यांचा.

संशोधन काय सांगतं?

२०१८ मध्ये 'असेंड' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात मधुमेह असलेले, पण हृदयविकार नसलेले १५,४८० जण होते. सुमारे सात वर्षांत ॲस्पिरिन घेणाऱ्या दर हजार जणांमागे हृदय-रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झालेले ११ जण कमी होते, पण मोठा रक्तस्राव झालेले ९ जण जास्त होते. म्हणजे एका हाताने मिळालं, ते दुसऱ्या हाताने बरंचसं गेलं.

त्याच वर्षीच्या 'ॲस्प्री' अभ्यासात बहुतेक सहभागी सत्तरीपुढचे होते. त्यांना हृदयविकार टाळण्यात ठळक फायदा दिसला नाही, मोठा रक्तस्राव मात्र ३८ टक्क्यांनी वाढला.

यानंतर २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने सल्ला बदलला. साठीनंतर केवळ प्रतिबंध म्हणून ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये. ४० ते ५९ वयोगटात पुढच्या दहा वर्षांतला धोका १० टक्के किंवा जास्त असेल, तरच डॉक्टरांनी त्या व्यक्तीपुरता विचार करावा.

गोळी सुरू असेल तर?

ही बातमी वाचून ती मनाने बंद करू नका. स्टेंट असलेल्या रुग्णाने अचानक गोळी थांबवली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ॲसिडिटी किंवा अल्सरचा त्रास, रक्त पातळ करणारी इतर औषधं किंवा वेदनाशामक गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. काळी, डांबरासारखी शौचास झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

मग झटका टाळायचा कसा?

रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू सोडणं आणि धोका जास्त असेल तर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, हे उपाय जास्त भरवशाचे आहेत. रक्तदाब तपासायला मोठं हॉस्पिटल लागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातही तो मोजून मिळतो. उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे त्रास होण्याची वाट बघू नका.

आणि छातीत दुखून घाम फुटला, तर फॉरवर्ड शोधत बसू नका. १०८ वर फोन करा.