शालू लाल नव्हताच! लग्नाच्या फोटोंची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

सुरुवात आमच्या घरातल्या एका फोटोपासून करू. आजी-आजोबांचं लग्न 1966 सालचं, औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं. लग्नाचा फोटो एकच. आजोबा खुर्चीत बसलेत, आजी शेजारी उभी. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, जिना आणि चक्क एक तलाव. आजीचा शालू लालभडक. परवा मी सहज म्हटलं, "आजी, लाल शालू भारी दिसतोय गं." तर म्हणाली, "लाल कुठला? वांगी रंगाचा होता. फोटोवाल्यानं केला लाल."

फोटो काळा-पांढरा होता, स्टुडिओतल्या कलाकाराने नंतर ब्रशने रंग भरला. त्याने शालू पाहिलेलाच नव्हता. नवरी म्हणजे लाल, एवढा त्याचा हिशोब. आणि हा फोटो लग्नाच्या दिवसाचाही नाही बरं का! तिसऱ्या दिवशी दोघं गुलमंडीजवळच्या स्टुडिओत गेले, मुंडावळ्या पुन्हा बांधल्या आणि श्वास रोखून उभे राहिले. आपण ज्याला 'लग्नाचा फोटो' म्हणतो, तो अनेक घरांत असा लग्नानंतरचाच आहे.

आता थोडं मागे जाऊ. आपलं शहर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानाचा सगळ्यात नावाजलेला फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ, सहाव्या निजामाचे म्हणजे महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, सगळं त्यांनी काचेच्या प्लेटवर टिपलं. (ज्या मकबऱ्यासमोर आज जोडपी प्री-वेडिंग शूट करतात, तो 1657 मध्ये बाळंतपणानंतर वारलेल्या दिलरस बानू बेगमची कबर आहे. हे सांगून कुणाचा मूड घालवायचा नाहीये, पण माहीत असावं.)

दगड हलत नाही, त्यामुळे लेण्यांचा फोटो सोपा. अडचण होती ती घरातल्या बायकांच्या फोटोची. पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया परक्या पुरुषासमोर बसणार कशा? म्हणून 1892 मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, आणि कॅमेरा केनी-लेविक नावाच्या बाईंच्या हाती. अर्थात तिथे जाऊ शकणाऱ्या बायका मोठ्या घराण्यांतल्या. औरंगाबादहून तर तेव्हा हैदराबादला थेट रेल्वेही नव्हती, ती आली 1900 मध्ये.

मला या स्टुडिओतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे, यावर समोर काय दिसणार ते ठरतं. आपल्या लग्नांतही तेच झालं. पुढे कॅमेरे हलके झाले, फ्लॅश आला, फोटोग्राफर मांडवात आला. पण 120 च्या रोलमध्ये चौकोनी फोटो मिळायचे फक्त 12. एक रोल, फार तर दोन. मग तो काय टिपणार? हार घालताना, सप्तपदी, कन्यादान, व्याह्यांची भेट. अंतरपाट खाली येतो तो क्षण जेमतेम सेकंदाचा. तो हुकला की हुकलाच, मग "पुन्हा एकदा धरा हो" म्हणत अंतरपाट परत धरायचा! भटजी वैतागायचे.

आणि माजघरात चाललेलं सगळं राहून जायचं. पहाटे जात्यावर हळद दळणं, ओव्या, रुखवत मांडताना उडालेली तारांबळ, गौरीहरापाशी एकटीच बसलेली नवरी. अर्धं लग्न बायकांचं, आणि त्या अर्ध्या लग्नाचा फोटोच नाही. जुना अल्बम उघडून बघा, मावश्या-आत्या दिसतात त्या ग्रुप फोटोत, ओळीने, पदर सावरत.

आता म्हणाल, आज तर ड्रोन आहे! आहे ना. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तीन कॅमेरे होते आणि हजाराच्या वर फोटो. हळदीला पिवळी फुलं, पिवळे गॉगल, सगळं झकास. आजीने टॅबवर एकेक फोटो सरकवत पाहिला आणि विचारलं, "हळद दळतानाचा कुठाय?" दळली होती की, मोठ्या काकूंनी, शेजारच्या दोघींना घेऊन, पहाटे साडेपाचला. फोटोग्राफरची वेळ नऊची होती. पॅकेजमध्ये 'हळद' होती, पण ती लावायची. दळायची नव्हे.

मग त्या दुपारी मी फोन आजीसमोर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. जात्यापाशी कोण कोण बसलं होतं, कुणाचा आवाज चांगला होता, कुणाला रडू फुटलं, शालूचा काठ कसला होता. सतरा मिनिटं बोलली. काठ हिरवा होता.