नोंदवही आणि आठवण : जुन्या ब्रिटिश लॉऱ्यांचा इतिहास वाचताना

'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींची जी झडती घेतली, ती मराठीच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको. बखर म्हणजे आठवणीचा, ऐकीव गोष्टींचा व अलंकाराचा पसारा; अस्सल पत्र मात्र त्या क्षणी, त्या कामासाठी लिहिलेले आणि म्हणून विश्वसनीय, ही श्रेणी आपल्या अभ्यासक्रमात इतकी मुरली आहे की आम्हीही वर्षानुवर्षे ती वर्गात सांगत आलो. गेली काही वर्षे मात्र आम्ही एका अगदी निराळ्या क्षेत्रातील आठवणी वाचत आहोत आणि ही श्रेणी तेथे उलटीपालटी झालेली दिसते. हे क्षेत्र म्हणजे विसाव्या शतकातील ब्रिटनमधील लॉऱ्या आणि त्यांवरची मालवाहतूक. येथे अस्सल कागद उदंड आहेत. चालकाने रोज स्वहस्ते भरलेली नोंदवही हा त्यांतला सर्वांत अस्सल कागद. आणि नेमका तोच ठरवून खोटा लिहिलेला असे.

हे असे का झाले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याकडील हजारो लॉऱ्या विक्रीस निघाल्या. सैन्यातून सुटलेल्या आणि तेथेच वाहन चालविणे शिकलेल्या अनेकांनी हाती आलेला पैसा त्यांत घातला आणि एका गाडीचे मालक-चालक म्हणून धंदा मांडला. भाव पाडण्याची चढाओढ सुरू झाली. रेल्वे कंपन्यांना ती डाचू लागली, तसेच रस्त्यांवरील अपघातांचीही ओरड होऊ लागली. मग कायदे आले. १९३०च्या कायद्याने चालकाने सलग साडेपाच तासांहून अधिक आणि चोवीस तासांत अकरा तासांहून अधिक गाडी चालवू नये असे ठरविले. १९३३च्या कायद्याने वाहतुकीचे परवाने अ, ब आणि क अशा तीन वर्गांत विभागले. 'अ' वर्ग भाड्याने माल नेणाऱ्यांचा, 'क' केवळ स्वतःचा माल नेणाऱ्यांचा आणि 'ब' दोन्ही थोडे थोडे करणाऱ्यांचा. चालकाने कामाच्या तासांची नोंद ठेवणेही याच कायद्याने बंधनकारक झाले. त्याच सुमारास करांचा बोजा वजनावर पडू लागला आणि वाफेवर चालणाऱ्या अवजड लॉऱ्यांचे दिवस भरले. त्या लॉऱ्यांवर चालकाच्या जोडीला भट्टी सांभाळणारा माणूस असे. त्याचे कामही गेले. फोडेन हे वाफेच्या लॉऱ्यांसाठी नावाजलेले घराणे. त्यातलेच एडविन रिचर्ड फोडेन बाहेर पडले आणि १९३३ साली आपल्या आद्याक्षरांनी 'ईआरएफ' ही डिझेल लॉरी त्यांनी रस्त्यावर आणली.

आता साधे गणित पाहावे. तीन टनांहून अधिक स्वतःचे वजन असलेल्या लॉरीला ताशी वीस मैलांची वेगमर्यादा होती आणि ती १९५७पर्यंत टिकली. लंडन ते मँचेस्टर हे अंतर सुमारे १९० मैल. कायदा पाळायचा तर केवळ चाके फिरण्यास साडेनऊ तास हवेत. माल चढविणे, ताडपत्री बांधणे, गोदीच्या फाटकापाशी रांगेत उभे राहणे हे त्यात धरलेले नाही. मालकाला माल सकाळी बाजारात हवा असे. म्हणजे एक तर वेगाची मर्यादा मोडायची, नाही तर तासांची; आणि काहीही मोडले तरी वहीत दोन्ही शाबूत दाखवायच्या. चालकांच्या आठवणींत नोंदवहीचा उल्लेख बहुधा हसत हसतच येतो. दोन वह्या बाळगणे, पोलिसाने थांबविले की पेन्सिलीने भराभर रकाने भरणे, न घेतलेली विश्रांती घेतल्याचे लिहिणे हे प्रसंग इतक्या निरनिराळ्या माणसांनी सांगितले आहेत की ते एकाच्या कल्पनेतून निघाले असे म्हणता येत नाही.

हा खोटेपणा दुहेरी होता, हे आमच्याही उशिरा लक्षात आले. मालक घाईचा असला की वहीतले तास आवळले जात. परंतु मजुरी तासांवर असेल आणि तास वीस मैलांच्या हिशेबाने धरलेले असतील, तर तीस मैलांनी आलेला चालक उरलेला वेळ रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानात घालवी आणि वहीत तो वेळ रस्त्यावर गेलेला असे. येथे तास ताणले जात. म्हणूनच वेगमर्यादा तीस मैलांवर नेण्यास कामगार संघटनांचा विरोध होता. दुरून हा विरोध प्रगतीला आडवे जाण्यासारखा दिसतो. पगाराच्या बाजूने पाहिले की मात्र तो उमगतो. वीस मैलांची ती हास्यास्पद मर्यादा म्हणजे कामगाराच्या हाती असलेले थोडेसे वेळेचे धन होते. वहीच्या कागदावरून यातले काहीही कळणार नाही. कागद म्हणतो की गाडी वीस मैलांनी गेली.

अर्थात आठवणींत केवळ कायद्याशी लपंडाव आहे असे नव्हे. त्यांचा मोठा भाग हाताच्या कामाचा आहे आणि आम्हाला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. त्या काळच्या लॉरीला बहुधा हौदा नसे, नुसती सपाट पाठ असे. त्यावर पोती, पेट्या, पिंपे, कापसाच्या गासड्या रचायच्या. वर ताडपत्री, ती आधी मागच्या बाजूस घालायची आणि पुढची तिच्यावर येईल अशी नंतर, म्हणजे समोरचा वारा व पाऊस सांध्यातून आत शिरत नाही. मग दोर. दोराला मधेच एक फासा घालून त्यातून टोक ओढले की कप्पीसारखा जोर मिळतो आणि एकटा माणूस टनभर माल आवळू शकतो. ही गाठ कोणत्याही वर्गात शिकविली जात नसे. नवा पोरगा जुन्या चालकाच्या हाताकडे पाहून ती उचली. पावसात भिजून ताठरलेली ताडपत्री आणि गारठलेली बोटे यांचे वर्णन केलेले नाही अशी आठवण आम्हांला क्वचितच आढळली.

गिअर बदलणे हीदेखील अशीच विद्या. आपल्याकडचे चालक ज्याला 'डबल क्लच मारणे' म्हणतात तेच ते. क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा आवाज कानाने जोखून वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर घालायचा. क्षण चुकला की दात करकरतात. चढावर चुकला तर गाडी थांबतेच. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथे बनणाऱ्या गार्डनर कंपनीच्या सहा सिलिंडरच्या प्रसिद्ध इंजिनाची ताकद १०२ अश्वशक्ती होती. एखाद्या मध्यम मोटारगाडीची आज असते तेवढीच. त्यावर आठ चाकांची, मालासह बावीस टनांची लॉरी ओढायची. तेव्हा चढ म्हणजे काय असेल याची कल्पना करावी.

या चढांत शापचे नाव पुन्हा पुन्हा येते. इंग्लंडच्या वायव्येला केंडल गावाकडून उत्तरेस स्कॉटलंडकडे जाणारा ए-६ हा रस्ता शापच्या माळावर सुमारे १४०० फूट उंचीवर चढतो. आपल्या घाटांच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण तेथला वारा, बर्फ आणि रात्र यांच्यासह तो वाचावा. केबिनमध्ये हीटर ही सर्रास गोष्ट नव्हती. पायांना पोती गुंडाळायची, इंजिनाच्या झाकणाची ऊब घ्यायची आणि त्याच झाकणातून येणारा धूर व गडगडाटही सोसायचा. धुक्यात समोरची काच उघडून डोके बाहेर काढून गाडी हाकायची, किंवा सोबतीला असलेल्या माणसाने हातात दिवा घेऊन पुढे चालायचे. मागे जोडगाडी असेल तर असा दुसरा माणूस कायद्यानेच आवश्यक होता.

१९४७च्या कायद्याने लांब पल्ल्याची मालवाहतूक सरकारी मालकीची केली आणि १९४८ साली 'ब्रिटिश रोड सर्व्हिसेस' उभी राहिली. खासगी वाहतूकदारांना आपल्या ठाण्यापासून पंचवीस मैलांचीच परवानगी उरली. योगायोग असा की त्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर मार्गावर आपल्या एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि तीही बेडफर्ड, म्हणजे ब्रिटिश घडणीचीच होती. पण एस.टी. टिकली, ब्रिटनमध्ये सरकार बदलताच १९५३च्या कायद्याने लॉऱ्या पुन्हा विकायला काढल्या. सगळ्यांना गिऱ्हाईक मिळेना, म्हणून १९५६ साली विक्री आवरती घेऊन लांब पल्ल्याच्या जाळ्याचा काही भाग सरकारकडेच ठेवावा लागला. या काळाविषयीच्या आठवणी उभ्या दुभंगलेल्या आहेत. ज्यांच्या घरची चार गाड्यांची पेढी गेली त्यांच्या लेखी ती लूट होती. नोकरी करणाऱ्या चालकाला मात्र बांधलेला पगार, सुटी आणि नोंदवहीत खोटे लिहिण्याची कमी झालेली सक्ती आठवते. संग्राहकांच्या पुस्तकांत पहिला सूर मोठा ऐकू येतो, याचे कारण पेढ्यांकडे छायाचित्रे होती आणि दारावर रंगविलेली नावे होती. आमच्यापैकी एकाला हा निष्कर्ष जरा घाईचा वाटतो, पण तो आम्ही तसाच ठेवीत आहोत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक निरीक्षण. जेम्स कर्टिस यांची 'दे ड्राइव्ह बाय नाइट' ही कादंबरी १९३८ साली आली आणि त्याच वर्षी तिच्यावर ब्रिटिश चित्रपट निघाला. तिचा नायक तुरुंगातून नुकताच सुटलेला आहे व लॉऱ्यांच्या आधाराने पळतो आहे. १९५७ सालच्या साय एन्डफील्ड दिग्दर्शित 'हेल ड्रायव्हर्स' या चित्रपटातला, खडीच्या खेपा टाकणारा नायकही तुरुंग भोगून आलेला आहे. तेथे मोबदला खेपांवर असल्याने माणसे जिवावर उदार होऊन गाड्या पळवितात. वीस वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे लॉरी ही समाजाबाहेर पडलेल्या माणसाची जागा ठरते. चालकांच्या स्वतःच्या आठवणींत मात्र असला काळोख दिसत नाही. तेथे घर, बायको, चहाची वेळ आणि शनिवारी दुपारी परत पोहोचण्याची धडपड आहे. कल्पित साहित्याला थरार हवा होता. आठवणीला प्रतिष्ठा हवी आहे. दोघांनाही आपापली गरज आहे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

प्रतिष्ठेच्या या गरजेमुळेच आठवणी काही गोष्टी गाळतात. जुन्या व्यापारी वाहनांच्या शौकिनांचा क्लब ब्रिटनमध्ये १९५८ साली स्थापन झाला आणि लंडन ते ब्रायटन अशी त्यांची फेरी १९६२पासून निघू लागली. त्या फेरीतल्या लॉऱ्या चकचकीत असतात, पाठी रिकाम्या असतात. माल नाही, म्हणजे दोर नाही, ताडपत्री नाही. लॉरी जपता येते. हमाली जपता येत नाही. दुसरी उणीव आम्हाला अधिक खुपते. रात्रीच्या मुक्कामासाठी चालक ज्या घरांत उतरत, तेथील घरमालकिणी प्रत्येक आठवणीत येतात : कोणी कडक, कोणी मायाळू, कोणाची अंथरुणे ओलसर. एकाच खोलीत सहा-सहा जणांना निजवून पहाटे चार वाजता न्याहारी घालणाऱ्या या बायकांनी स्वतः सांगितलेली आठवण मात्र आम्हाला आजवर वाचावयास मिळाली नाही. बखरकाराच्या दरबारात स्वयंपाकघर नसते, तसेच हे.

या लॉऱ्यांची नावे आपल्याला सर्वस्वी परकी नाहीत. मद्रासच्या अशोक मोटर्सचे १९५५ साली अशोक लेलँड झाले आणि कॉमेट ही मूळची ब्रिटिश जातीची गाडी आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावली. आमच्यापैकी एकाचे बालपण खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी गेले. घाट चढणारी गाडी न पाहता तिच्या आवाजावरून 'लेलँड आली' असे सांगणे हा तेथील मुलांचा खेळ होता. आज लँकेशायरमधल्या लेलँड गावच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या ट्रकवर डीएएफ हे नाव असते. लेलँड हे नाव गाडीवर वाचायचे तर भारतात यावे लागते.

जुने जग एका दिवसात संपले नाही. डिसेंबर १९५८मध्ये प्रेस्टनचा वळणरस्ता हा पहिला मोटारवे झाला, पुढच्या नोव्हेंबरात एम-१. १९६४ साली जोडलॉऱ्यांना बत्तीस टनांपर्यंत मुभा मिळाली आणि आठ चाकांच्या सलग लॉरीचा रुबाब उतरला. १९७० साली एम-६ शापच्या माळावरून गेला. उरली होती नोंदवही. युरोपीय समुदायाच्या नियमानुसार गाडीत टॅकोग्राफ बसवावा लागणार होता. हे यंत्र वेग, अंतर आणि विश्रांती एका गोल कागदी चकतीवर आपोआप रेखते. चालकांनी त्याला 'केबिनमधला हेर' म्हटले. ब्रिटनने टाळाटाळ केली, १९७९ साली युरोपीय न्यायालयाने निकाल विरुद्ध दिला आणि १९८१च्या अखेरीस टॅकोग्राफ सक्तीचा झाला. आता कागद बव्हंशी खरा बोलू लागला. पण तो लिहिणारा हात चालकाचा उरला नव्हता.

शापच्या जुन्या रस्त्यावर, ए-६च्या कडेला, एक स्मारकशिळा आहे. मोटारवे होण्यापूर्वी या बिकट वाटेने उत्तर व दक्षिण जोडून ठेवणाऱ्या चालकांची आणि त्यांच्या सोबत्यांची ती आठवण आहे. रस्ता बांधणाऱ्या व राखणाऱ्या माणसांचा तीवर उल्लेख आहे. आणि बर्फात अडकलेल्या प्रवाशांना पिढ्यान्‌पिढ्या अन्न आणि आसरा देणाऱ्या आसपासच्या रहिवाशांचाही आहे.